दप्तर, पडदा आणि फीत
प्रस्तावना

मुंबईच्या उपनगरांत १९६५-६६ साली, आणि मध्यंतरी काही काळ शांततेत गेल्यावर पुन्हा १९६८ च्या पावसाळ्यात, ज्यांच्या घराला दार नव्हते किंवा असलेच तर गोणपाटाचे होते अशा निद्रिस्त माणसांच्या मस्तकांवर लोखंडी हत्याराचे घाव घालून अंधारात नाहीसा होणारा जो इसम पुढे रमण राघव या नावाने सर्वतोमुखी झाला, त्याच्या नावाने दोन चित्रपट निघाले. पहिला श्रीराम राघवन यांचा, १९९१ सालचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या या तरुण दिग्दर्शकाने तो मोठ्या चित्रपटगृहासाठी नव्हे तर घरच्या पडद्यासाठी म्हणून आखला, रघुवीर यादव यांच्याकडून खुन्याची भूमिका करवून घेतली, आणि तो रीतसर प्रदर्शित न होताच प्रतींच्या प्रती निघत जाणकारांच्या हातोहात फिरत राहिला. दुसरा अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’. तो २०१६ च्या मे महिन्यात कान येथील ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ या विभागात दाखवला गेला आणि जून अखेरीस आपल्याकडे ‘प्रौढांसाठी’ या शिक्क्यानिशी लागला. एकाच दप्तरातून निघालेल्या या दोन कृतींचे प्राक्तन इतके भिन्न का झाले, या प्रश्नाचा मागोवा घेत असतानाच प्रस्तुत पुस्तकाची कल्पना आकारास आली.

मालिकेने खून करणाऱ्या माणसावरील चित्रपट हा भयपटाचा एक पोटप्रकार मानला जातो, आणि भयपट म्हटला की आपल्याकडील सुशिक्षित वाचक नाक मुरडून पुढे जातो. हा अव्हेर मला कधीच पटला नाही. भुताखेतांच्या चित्रपटात भीती कल्पित असते आणि ती संपल्यावर आपण निर्धास्त घरी येतो. येथे मात्र पडद्यामागे पंचनामे असतात, जबान्या असतात, न्यायालयाचे निकाल असतात, आणि ज्यांची प्रेते त्या पंचनाम्यांत वर्णिली गेली त्यांचे आप्त अद्याप आपल्यात वावरत असतात. म्हणून या प्रकाराची जोखीम इतर प्रकारांपेक्षा मोठी आहे, आणि त्याच कारणाने त्याचा विचारही अधिक गंभीरपणे व्हायला हवा.

रमण राघव प्रकरणाचेच पाहा. तपासाची सूत्रे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती आणि फौजदार अ‍ॅलेक्स फियालो यांनी २७ ऑगस्ट १९६८ रोजी, जुन्या दप्तरातील छायाचित्राच्या आठवणीवरून, त्याला रस्त्यात ओळखून पकडले. त्याच्यापाशी सापडलेल्या वस्तूंची जी यादी झाली तीत चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्ती लावण्याचे घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद होते. ही यादी मी कितीदा वाचली याची गणती नाही, आणि दर वेळी त्या लसणापाशी आणि त्या आकड्यांपाशी मन अडखळते, कारण राक्षसाच्या झोळीत आपण जे शोधतो ते तेथे नाही. तेथे एका निराश्रित माणसाचा, आपल्याला चांगलाच परिचित असलेला, बारीकसारीक संसार आहे. चौकशीत तो मूक राहिला, आणि कोंबडीचे जेवण मागून ते पुढ्यात आल्यावर, मग तेल, कंगवा, आरसा मिळाल्यावर, बोलू लागला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. फाशीची शिक्षा झाली, तिच्यावर अपील करण्यास त्याने नकार दिला. उच्च न्यायालयाने मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमून त्याची तपासणी करविली, तो असाध्य मनोरुग्ण ठरला, फाशीची जन्मठेप झाली, आणि १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मेला. एवढा तपशील त्याच्याबद्दल उपलब्ध आहे. जे मेले त्यांच्याविषयी मात्र, ते कोणत्या गावाहून आले, कोणत्या कामावर होते, मागे कोण राहिले, हे सांगणारा कागद क्वचितच हाती लागतो. या विषमतेची नोंद घेतल्यावाचून या चित्रपटांवर लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

आमच्या केळव्यापर्यंत त्या वर्षीची ती भीती गाडीनेच आली. पानमळ्यांतील पाने करंड्यांत भरून केळवे रोडहून मुंबईकडे नेणारी माणसे रात्री-अपरात्री फलाटावर किंवा बाजाराच्या पडवीत अंग टाकत. त्यांतले वडीलधारे पुढे सांगत की त्या श्रावणात कोणी एकटा झोपला नाही, पाळीपाळीने जागत. खुनी कोण होता याची त्यांना जिज्ञासा नव्हती. आपण उघड्यावर झोपतो आणि त्याला उघड्यावर झोपलेलेच हवे असतात, एवढे त्यांना कळले होते, आणि पुढील काळात या प्रकरणावर जे विद्वत्तापूर्ण लेखन झाले त्यातील पुष्कळशा लेखनापेक्षा ही समज मला अधिक खोल वाटते.

आता या चित्रप्रकाराचा वंशवृक्ष. त्याचे मूळ जर्मनीत आहे. फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा १९३१ सालचा बोलपट, ज्यात लहान मुलींचा खुनी शेवटी चोर-भिकाऱ्यांच्या न्यायसभेसमोर उभा राहून आपल्या असहायतेची कैफियत मांडतो, तेथपासून या प्रकाराचा मुख्य प्रश्न ठरून गेला: ज्याला स्वतःवर ताबा नाही त्याला आपण काय म्हणावे, आणि त्याचा सूड मागणारा जमाव त्याच्याहून किती निराळा? १९६० साली इंग्लंड-अमेरिकेत एकाच वर्षी हिचकॉक यांचा ‘सायको’ आणि मायकेल पॉवेल यांचा ‘पीपिंग टॉम’ आले. पहिल्याने अमाप द्रव्य मिळवले आणि दुसऱ्याने आपल्या दिग्दर्शकाची मायदेशातील कारकीर्द जवळजवळ संपवली, कारण त्यातील खुनी आपल्या बळींची मरणवेळची मुद्रा कॅमेऱ्यात टिपतो आणि नंतर एकांतात बसून ती पाहतो. म्हणजे तो नेमके तेच करतो जे तिकीट काढून बसलेला प्रेक्षक करीत असतो. समीक्षकांना हा आरसा सोसला नाही.

या परंपरेत प्रस्तुत पुस्तकाला सर्वांत निकटची कृती म्हणजे जॉन मॅक्‌नॉटन यांचा ‘हेन्री: पोर्ट्रेट ऑफ अ सीरियल किलर’. शिकागोतील एका व्हिडिओ कंपनीने, आपल्या कॅसेटच्या धंद्यासाठी एखादा स्वस्त भयपट हवा म्हणून, सुमारे १ लाख १० हजार डॉलर दिग्दर्शकाच्या हाती ठेवले, आणि १९८६ साली तयार होऊन जे आले ते मागवणाऱ्यांच्याच अंगावर काटा आणणारे होते. तेथील वर्गीकरण संस्थेने त्याला ‘एक्स’ दिला आणि चित्रपट १९९० पर्यंत सर्वसाधारण चित्रगृहांत पोचला नाही. त्यातील एका प्रसंगाने जगभर वाद माजला. दोघे खुनी एका कुटुंबाच्या घरात शिरून जे करतात ते आपल्याला प्रत्यक्ष दिसत नाही. त्यांनीच चोरीच्या कॅमेऱ्याने केलेले ते चित्रण दूरचित्रवाणी संचावर चाललेले दिसते, आणि मग कळते की आपण त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच दिवाणखान्यात बसून ते पाहत आहोत. त्यांतला एक जण ती फीत पुन्हा लावतो. घरी कॅसेट आणून हा प्रसंग पाहणाऱ्याची जी अवस्था होते ती चित्रगृहातील प्रेक्षकाची होऊच शकत नाही. ब्रिटनमध्ये १९८४ च्या व्हिडिओ कायद्यान्वये घरगुती प्रतींना स्वतंत्र प्रमाणपत्र आवश्यक झाले होते. तेथील चित्रपट परीक्षण मंडळाचे संचालक जेम्स फर्मन यांनी या प्रसंगाला नुसती कात्री न लावता त्याची फेरजुळणी करविली, खुन्यांचे बघणारे चेहरे अगोदरच दाखवून टाकले, आणि त्यायोगे प्रेक्षकाला बसणारा नैतिक धक्काच काढून घेतला. घाव राहिला, अर्थ गेला. अखंड प्रतीस मान्यता मिळण्यास तेथे २००३ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे परीक्षणाचा पाया १९५२ च्या चलचित्र अधिनियमाचा. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवले, पण त्याचबरोबर कलेचे मोल आणि विषयाची हाताळणी लक्षात घेण्याची तंबीही मंडळास दिली. पुढील पन्नास वर्षांतील प्रत्येक तंट्यात दोन्ही पक्ष त्याच निकालाचा आधार घेत आले आहेत. मराठी वाचकाला खुनाची गोष्ट नवी नव्हती. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पिढ्या पोसल्या, नारायण धारपांनी भयाला घरंदाज मराठी वाडा दिला. परंतु चित्रपटात मात्र भय दीर्घकाळ हवेलीतच कोंडलेले राहिले, आणि रामसे बंधूंनी १९७२ पासून त्या हवेलीचा जो व्यवसाय उभारला त्यात खुनी बहुधा मेलेला असे.

जिवंत खुन्याकडे पाहण्याचे धैर्य मराठी चित्रपटाने दाखवले, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. परभणी जिल्ह्यातील मानवत गावी १९७२ ते १९७४ या काळात, गुप्तधनाच्या आणि संततीच्या लालसेपोटी, मुली आणि स्त्रिया यांचे जे हत्याकांड घडले, त्याच्या आधारे विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि अमोल पालेकरांनी १९८१ साली ‘आक्रीत’ दिग्दर्शित केला. या चित्रपटात खुनी हा अपवादात्मक राक्षस नाही. गाव, पैसा, अंधश्रद्धा आणि स्त्रीचे मोल यांच्या हिशेबातून तो निपजतो. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७६-७७ च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ आला, आणि नाना पाटेकरांनी त्यात जो थंडपणा उभा केला तो एका पिढीच्या डोळ्यांपुढून हलला नाही. पुण्याच्या टिळक रस्त्यावरील कलामहाविद्यालयात शिकणारी, आपल्याच घरांतल्यासारखी दिसणारी मुले हे करू शकतात, हा धक्का मध्यमवर्गाला मानवतच्या बातम्यांनी दिला नव्हता. मानवत दूर होते. ‘आक्रीत’ची वाट समाजाकडे बोट दाखवणारी, ‘माफीचा साक्षीदार’ची आरोपीच्या आणि साक्षीदाराच्या मनात शिरणारी. तिसरी वाट तपासाची, पोलीस दप्तराच्या क्रमाने जाणारी, आणि राघवन यांचा ‘रमण राघव’ हा तिचा माझ्या मते आजवरचा श्रेष्ठ नमुना आहे. त्यात रघुवीर यादव आवाज चढवत नाहीत, डोळे वटारीत नाहीत. समोरच्या अधिकाऱ्यास व्यवहाराची माहिती द्यावी तशा स्वरात ते आपली हकीकत सांगतात आणि ऐकणारा आतून गारठत जातो.

जोशी-अभ्यंकर प्रकरणाच्या छायेत अनुराग कश्यप यांनी आपला पहिला चित्रपट ‘पाँच’ केला. २००१ साली परीक्षण मंडळाने हिंसा, अमली पदार्थ, शिवराळ भाषा आणि कोणताही हितकर संदेश नसणे यांवर आक्षेप घेतले. पुढे काटछाटीनिशी प्रमाणपत्र मिळाले तरी निर्मात्याच्या अडचणींमुळे तो लागला नाही. संदेश नाही हा आक्षेप माझ्या दृष्टीने सर्वांत चिंत्य आहे. खुनाच्या चित्रपटाला शेवटी उपदेशाचे शेपूट जोडले की तो सुरक्षित होतो, ही समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात फार खोल रुजलेली आहे. तो चित्रपट काही महोत्सवांत दिसला, मग इंटरनेटवर फुटला, आणि आज त्याच्याविषयी अधिकारवाणीने बोलणाऱ्या बहुतेकांनी तो चोरट्या, फिकट, कडा कापलेल्या प्रतीतच पाहिलेला आहे.

या ठिकाणी फितीविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण पुस्तकाचा अर्धा विषय तोच आहे. ऐंशीच्या दशकात बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कामगार एकेका खोलीत दाटीने राहत, वर्गणी काढून रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत संच भाड्याने आणीत, आणि पहाटेपर्यंत ओळीने चार चित्रपट पाहत. त्यांत एक हमखास भयाचा असे. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, असे होत होत लाल रंग कडेबाहेर सांडू लागे, काळोखाचे प्रसंग निव्वळ काळे होत, पडद्याच्या तळाशी पांढरी रेघ थरथरत राही आणि कोणीतरी उठून ट्रॅकिंगचे बटण फिरवी. पुष्कळदा सर्वांत भीषण प्रसंगाच्या जागीच फीत झिजलेली असे, कारण तेथेच ती सर्वाधिक वेळा मागे नेऊन लावलेली असे. कोणत्या क्षणी माणसे पुन्हा पुन्हा परतली, याचा एवढा बिनचूक पुरावा कोणत्याही समीक्षकाने मागे ठेवलेला नाही.

बोईसरच्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीतील कॅसेटांची खोकी मालकांच्या औदार्याने माझ्याकडे आली, तेव्हा समुद्रकाठच्या हवेचा प्रताप दिसला. बाजूची खटकी दाबून कॅसेटचे झाकण उचलावे, तो तपकिरी फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी तांदळाच्या पिठासारखी पसरलेली. अशी फीत तशीच यंत्रात घातली तर यंत्राचे हेड खराब होते आणि पुढची प्रत्येक कॅसेटही नासते. म्हणून पाच स्क्रू काढून कवच उघडावे, फीत हलक्या हाताने, कोरड्या मऊ कापडातून, एका चाकावरून दुसऱ्यावर न्यावी, आणि मग साफ केलेल्या यंत्रात ती एकदाच, प्रत काढून घेण्यासाठी, चालवावी. हे काम करताना नाकातोंडाला फडके बांधावे लागते. ज्या चित्रपटांची मूळ निगेटिव्ह हयात आहे त्यांच्या बाबतीत हा खटाटोप कोणाला व्यर्थ वाटेल, परंतु व्हिडिओसाठीच जन्मलेल्या कृतींना दुसरे शरीर नसते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने सेल्युलॉइडची जी सेवा केली ती थोर आहे. त्याच आस्थेने व्हिडिओच्या फितीकडे पाहण्याची वेळ आता आली आहे, नाहीतर घरच्या पडद्याच्या काळाचा इतिहास बुरशीच्या स्वाधीन होईल.

कॅसेटांमागून चकत्या आल्या. २००६-०७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी विकायला काढली आणि पालघरच्या बाजारात भाजीच्या गाडीशेजारी चित्रपट मिळू लागले. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या प्रतिभा नैथानी यांच्या जनहितयाचिकेवरील आदेशांमुळे प्रौढांसाठीचे चित्रपट दूरचित्रवाणीवरून हटले, आणि अशा चित्रपटांस चकतीवाचून घरी येण्याचा राजमार्ग उरला नाही. आज ती बंधनेही कालबाह्य झाली आहेत. मानवतच्या प्रकरणावर रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींच्या आधारे केलेली मराठी मालिका २०२४ च्या ऑक्टोबरात घरोघरच्या मोबाइलवर उतरली. कोल्हापूरच्या बालहत्याकांडावर ‘पोशम पा’ हा चित्रपट २०१९ साली थेट ओटीटीवरच आला. जोशी-अभ्यंकर प्रकरणावरील विवेक वाघ यांच्या ‘जक्कल’ या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. परीक्षण मंडळाची हद्द ओटीटीपर्यंत पोचत नाही आणि तेथे काय यावे याचे नियम निराळे आहेत. याचा सरळ अर्थ असा की पूर्वी जे काम सरकारनियुक्त मंडळ, बरे-वाईट कसेही, करीत असे, ते आता पाहणाऱ्याला स्वतः करावे लागणार आहे, तेही रात्री, एकट्याने, आणि कोणाशी चर्चा न करता.

असे चित्रपट पाहून माणसे बिघडतात, या आक्षेपाची मी टवाळी करणार नाही. ज्यांच्या घरात तरुण मुले आहेत त्यांची ती खरी चिंता आहे. पण इतकी वर्षे हे चित्रपट पाहिल्यावर माझे मत असे बनले आहे की धोका रक्ताच्या प्रमाणात नसून दृष्टीच्या कोनात आहे. बळीचा चेहरा क्षणभर दाखवून कॅमेरा खुन्याच्या बुद्धिचातुर्यावर लुब्ध होतो, तेव्हा एक थेंब न सांडताही तो चित्रपट हीन ठरतो. ‘रमन राघव २.०’ बद्दल माझी तक्रार हीच आहे. नवाजुद्दीन सिद्दिकी यांचा अभिनय असामान्य आहे, खुनी आणि पोलीस अधिकारी एकाच मनाची दोन अर्धुके असल्याची कल्पना धाडसी आहे. परंतु १९६८ चा गरीब, झोपलेला, उघड्यावरचा माणूस त्या चित्रपटातून निसटला आहे. हा अर्थात ऐतिहासिक चित्रपट नव्हे, हे दिग्दर्शकाने आरंभीच सांगितलेले आहे, आणि ते मान्य करूनही माझी तक्रार मी मागे घेत नाही. ‘हेन्री’तील त्या दिवाणखान्यातल्या प्रसंगात एका अनामिक कुटुंबाला जेवढा न्याय मिळतो तेवढा येथे कोणाला मिळालेला नाही.

प्रस्तुत पुस्तक या दृष्टीने लिहिले आहे. प्रत्येक चित्रपट त्याच्या मूळ गुन्ह्याच्या दप्तरापासून घेऊन न्यायालय, पटकथा, परीक्षण, आणि अखेर कॅसेट, चकती किंवा मोबाइल यांपर्यंत पाहिला आहे, आणि वाटेत काय गळाले व काय वाढवले गेले याची शक्य तेथे नोंद केली आहे. हा कोश नव्हे. हिंदी-तमिळमधील कित्येक महत्त्वाच्या कृती येथे ओझरत्या येतात, कारण मला ज्या भूमीचा, ज्या न्यायालयांचा आणि ज्या प्रेक्षकांचा परिचय आहे त्यांच्यापुरतेच बोलणे इष्ट वाटले. चित्रपटांच्या ज्या प्रती मी वापरल्या त्या अखंड की काटलेल्या हे प्रत्येक ठिकाणी नमूद केले आहे, आणि जेथे केवळ चोरटी प्रत उपलब्ध होती तेथे तिच्या आधारे छायाचित्रण वा ध्वनी यांवर मत देण्याचे टाळले आहे. प्रेतांची छायाचित्रे अथवा चित्रपटांतील तशी दृश्ये पुस्तकात घातलेली नाहीत. बळींची नावे निकालपत्रांत आहेत. ज्यांचे नातलग हयात असण्याचा संभव आहे त्यांची मी वगळली आहेत, पण त्यांचे वय, काम आणि ते कोठे झोपले होते हे, जेवढे कागदांतून निघाले तेवढे, प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी, खुन्याच्या उल्लेखाआधी दिले आहे. कॅसेट देणारे, त्या साफ करू लागणारे आणि आपल्या रात्रपाळीच्या आठवणी मोकळेपणाने सांगणारे बोईसर, तारापूर व पालघर येथील स्नेही यांचा मी ऋणी आहे. त्यांतील काहींनी नाव छापू नये अशी इच्छा दर्शविली, म्हणून येथे कोणाचेच छापलेले नाही.

केळवे, जिल्हा पालघर